वजन उतरवणारी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचं जगणं: सत्तर वर्षांचा इतिहास



या व्याख्यानमालेत आपण आजवर रोगांचा आणि औषधांचा इतिहास बघत आलो. आजचा विषय त्यातलाच आहे, पण जरा नाजूक आहे. वजन. त्यातही वजन उतरवण्यासाठी पोटावर केली जाणारी शस्त्रक्रिया. डॉक्टर मंडळी तिला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. ग्रीक भाषेत 'बारोस' म्हणजे वजन, त्यावरून हा शब्द आला.

आपल्याकडे या विषयावर साधारण दोन सुरांत बोललं जातं. पहिला सूर घरातला: "तोंडावर ताबा ठेव, सगळं जागेवर येईल." दुसरा सूर जाहिरातींतला: "एक छोटंसं ऑपरेशन, आणि वजनाची कटकट कायमची मिटली." ज्यानं शस्त्रक्रिया करून घेतली त्या माणसाला तर दोन्हीकडून ऐकावं लागतं. वजन उतरलं की "शॉर्टकट मारला" आणि पाचएक वर्षांनी थोडं परत वाढलं की "एवढे पैसे घालवून काय उपयोग झाला?" गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या दोन्ही सुरांना खोटं पाडतो, असं आमचं म्हणणं आहे. ते कसं, हे टप्प्याटप्प्यानं बघू.

सुरुवात आपल्याच परंपरेपासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, 'अष्टौनिन्दितीय'. लोक ज्यांची निंदा करतात अशा आठ प्रकारच्या शरीरांची त्यात यादी आहे. त्या आठांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा चरक वैद्य म्हणून सविस्तर विचार करतो. स्थूलतेची कारणं सांगताना अति खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं ही कारणं येतात, ती अपेक्षितच आहेत. पण त्याच यादीत शेवटी 'बीजस्वभाव' येतो. म्हणजे आईवडिलांकडून आलेला शरीराचा स्वभाव. जी गोष्ट आपल्या घरातले लोक आजही मान्य करत नाहीत, ती तिथे लिहून ठेवलेली आहे. उपचार सांगतानाही दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. खायला असं द्यावं की जे पचायला जड, त्यामुळे पोट भरलेलं राहील, पण पोषण मात्र कमी करेल. आणि व्यायाम वगैरे जे काही वाढवायचं ते क्रमाक्रमानं वाढवावं. भूक भागली पाहिजे आणि बदल टिकला पाहिजे, या दोन चिंता त्या काळातही होत्या.

तिथून एकदम १८६३ च्या लंडनमध्ये येऊ, कारण आज आपण ज्याला 'डाएट' म्हणतो त्याची लाट तिथून सुरू झाली. विल्यम बँटिंग हा अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा एक प्रतिष्ठित व्यावसायिक. वजन कमी व्हावं म्हणून त्यानं बोट वल्हवायला सुरुवात केली, तर भूक इतकी वाढली की वजन उलट चढलं. शेवटी विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरनं त्याचे पाव, साखर, बटाटे बंद केले आणि सुमारे वर्षभरात त्याचं वजन २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आलं. त्यानं स्वतःच्या खर्चानं त्यावर पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणं' म्हणजे डाएट करणं असा वाक्प्रचारच रूढ झाला. बँटिंगला जमलं, मग सगळ्यांना का जमू नये, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसलेला आहे.

त्याचं उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेतल्या दोन अभ्यासांतून मिळायला लागलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. उपासमारीनं खंगलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनं त्यात सामील झाले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. त्या काळात त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. प्रयोग संपल्यावर समोर भरपूर अन्न आलं, तरी कित्येकांची भूक शमेना, आणि शरीरातली चरबी तर आधीपेक्षाही वर गेली. लक्षात घ्या, ही माणसं लठ्ठ नव्हती, हावरटही नव्हती. वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं आणि गेलेलं परत मिळवायला धडपडतं, एवढंच त्यातून दिसलं.

दुसरा अभ्यास १९५९ चा, अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लॅरन-ह्यूम यांचा. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लठ्ठपणासाठी आहार लिहून दिलेल्या १०० रुग्णांचं पुढे काय झालं, एवढंच त्यांनी तपासलं. २० पौंड वजन कमी करणारे निघाले १२. दोन वर्षांनी ते टिकवून ठेवणारे उरले दोन. शंभरात दोन! नुसता आहाराचा कागद हातात देऊन घरी पाठवायचं, हा उपचार म्हणून किती तोकडा आहे ते या आकड्यातून कळतं.

आता या पार्श्वभूमीवर सर्जन मंडळी रंगमंचावर येतात. आणि योगायोग बघा, ज्या मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीचा प्रयोग झाला, तिथल्याच आर्नोल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा कुठला भाग काय शोषून घेतो, याचे कुत्र्यांवरचे ते प्रयोग होते. पण त्यासोबतच एका लठ्ठ रुग्णाच्या आतड्याचा बराच भाग वगळून केलेल्या शस्त्रक्रियेची माहिती त्यांनी दिली. विचार साधा होता. आपलं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं आणि अन्नातलं सत्त्व शोषण्याचं मुख्य काम तिथे होतं. हा रस्ताच छोटा केला, तर खाल्लेलं अंगी लागणार नाही.

लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड पेन आणि लॉरेन डीविंड यांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. त्यांनी १० रुग्णांचं लहान आतडं थेट मोठ्या आतड्याला जोडलं. १९६३ मध्ये त्याचा वृत्तांत आला. योजना अशी होती की हवं तेवढं वजन उतरलं की आतडं पुन्हा पूर्ववत जोडायचं. वजन उतरलं खरं, पण न थांबणारे जुलाब आणि शरीरातल्या क्षारांचा पार बिघडलेला तोल, यांनी रुग्ण हैराण झाले. आणि आतडं पूर्ववत केल्यावर? वजन परत आलं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं हा फार मोलाचा धडा होता. शस्त्रक्रिया म्हणजे काही महिन्यांचा कोर्स, तो संपला की माणूस बरा झाला, असं इथे होत नाही.

मग त्यांनी थोडी सौम्य रीत काढली. लहान आतड्याचं पहिलं १४ इंच आणि शेवटचं ४ इंच जोडायचं, मधलं सगळं वगळायचं. ही शस्त्रक्रिया १९६० आणि ७० च्या दशकांत बरीच चालली. रुग्ण मनसोक्त खाऊ शकत आणि तरी वजन उतरे. ऐकायला किती छान! सवयी बदलायची गरजच नाही. पण त्याची किंमत हळूहळू समोर आली. मुतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांच्या अभावानं येणारा रातांधळेपणा, आणि काही जणांचं तर यकृतच निकामी झालं. कित्येकांना पुन्हा टेबलावर घेऊन ती शस्त्रक्रिया उलटवावी लागली. शेवटी ती सोडून देण्यात आली. जगणं न बदलता फक्त वजन बदलायचं, या कल्पनेचा इतका महागडा प्रयोग दुसरा झालेला नाही.

इथे या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव येतं, आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन. अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकलेल्या स्त्रियांचं वजन नंतर सहजी वाढत नाही, हे निरीक्षण त्यांच्यासमोर होतं. त्या काळात ही त्या शस्त्रक्रियेची एक डोकेदुखी मानली जायची. मेसन यांनी त्या डोकेदुखीकडे उपाय म्हणून बघितलं. चिकाशी इतो यांच्यासोबत १९६६ मध्ये त्यांनी पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली. पुढे इतर सर्जननी तिच्यात सुधारणा केल्या. आज तिचं जे रूप प्रचलित आहे त्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, छोटी पिशवी वेगळी केली जाते आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. उरलेलं जठर शरीरातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही.

मेसन यांना मात्र आणखी सोपं, कमी धोक्याचं काहीतरी हवं होतं. १९८० मध्ये त्यांनी आतड्याला हात न लावता फक्त जठर आखडायची पद्धत काढली. टाक्यांच्या रांगेनं एक अरुंद कप्पा करायचा आणि त्याच्या तोंडाशी पट्टी बसवायची. १९८६ मध्ये लुबोमिर कुझमाक यांनी सिलिकॉनची, हवी तेव्हा घट्ट किंवा सैल करता येणारी पट्टी आणली. सगळा भर वाट अरुंद करण्यावर होता. त्याच काळात काही ठिकाणी जबडे तारेनं बांधून ठेवण्याचाही उपाय झाला. तार काढली की वजन परत, हे तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल.

या अरुंद वाटेचं पुढे काय झालं? मांसाचा तुकडा, पाव, कच्च्या भाज्या त्या वाटेत अडकायच्या. पोटात दुखायचं, उलटी व्हायची. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र विरघळून अलगद खाली उतरायचं. मग काही रुग्णांचा आहार नकळत तिकडे सरकला. आपल्याकडे यावर लगेच कुणीतरी 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून मोकळं होईल. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. पौष्टिक खाल्लं तर त्रास, गोड खाल्लं तर आराम. शरीर भूक मागतंय आणि कुणी बसून समजावून सांगितलेलं नाही की आता काय खायचं, किती चावायचं, कसं थांबायचं. व्हर्जिनियातल्या हार्वी शुगरमन यांनी १९८७ मध्ये या दोन शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. गोड खाण्याकडे ओढा असलेल्या रुग्णांना नुसत्या आखडलेल्या जठराचा फायदा कमी झाला, बायपासचा जास्त झाला. बायपासनंतर गोड खाल्लं तर घाम, धडधड, मळमळ असा त्रास होऊ शकतो, त्यामुळे शरीरच काहीसा लगाम लावतं. कुणाला काय खायची सवय आहे, हे शस्त्रक्रियेआधी विचारायला हवं, ही गोष्ट सर्जनच्या वहीत अशी आली.

म्हणून आम्ही १९९१ हे वर्ष महत्त्वाचं मानतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं त्या वर्षी तज्ज्ञांची परिषद भरवली आणि निकष ठरवले. त्यासाठी माप धरलं बीएमआयचं, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. हे आकडे सगळीकडे पाठ झाले. पण त्याच निवेदनात आणखी दोन अटी होत्या. रुग्णाची तपासणी एकट्या सर्जननं न करता आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन अशा चमूनं करावी, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णावर आयुष्यभर वैद्यकीय देखरेख असावी. आकडे लक्षात राहिले आणि 'आयुष्यभर' हा शब्द मात्र बऱ्याच ठिकाणी मागे पडला.

मागे पडण्याचं एक कारण तंत्राच्या यशातच होतं. १९९३ च्या सुमाराला सॅन डिएगोत ॲलन विटग्रोव्ह आणि वेस्ली क्लार्क यांनी दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास केली. मोठी चीर गेली, पाच-सहा छोटी छिद्रं आली, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागला. पुढे २००० च्या सुमाराला मिशेल गॅग्नर यांनी अतिशय वजनदार रुग्णांसाठी धोका कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत विभागली. पहिल्या टप्प्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी तेवढी ठेवायची. गंमत अशी की बऱ्याच जणांचं वजन तेवढ्यावरच इतकं उतरलं की दुसऱ्या टप्प्याची गरज पडेना. हीच ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. आज जगात ही सगळ्यात जास्त केली जाणारी वजनाची शस्त्रक्रिया आहे. सुरक्षितताही वाढली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ४,७७६ रुग्णांमध्ये पहिल्या ३० दिवसांतला मृत्यूचा दर ०.३ टक्के होता. शस्त्रक्रिया सोपी वाटू लागली तशी तिच्यानंतरची जबाबदारीही सोपी असेल, असा समज झाला.

पण याच काळात दुसरीकडे एक मोठा उलगडा होत होता. नॉर्थ कॅरोलायनातले वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये ६०८ रुग्णांचा वृत्तांत मांडला. त्यातल्या मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर गॅस्ट्रिक बायपासनंतर औषधांशिवाय ताळ्यावर राहिली. निबंधाचं शीर्षकच 'कुणाला वाटलं होतं?' अशा अर्थाचं आहे. सगळ्यात चकित करणारी गोष्ट म्हणजे साखर कित्येकदा काही दिवसांतच उतरायची, वजन फारसं कमी होण्याच्या आधी. म्हणजे नुसतं कमी खाल्लं म्हणून हे घडत नव्हतं.

१९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक शोधलं. २००२ मध्ये डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डाएट करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढतं, म्हणजे भूक आणखी पेटते, तर गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांमध्ये ते खूप कमी आढळलं. आतड्यातून स्रवणारी, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकंही बायपासनंतर वाढतात. मिनेसोटातल्या त्या ३६ तरुणांची भूक का शमत नव्हती, याचं उत्तर अर्ध्या शतकानंतर हाती लागत होतं. पोट आणि मेंदू यांच्यातला जो संवाद दुष्काळाची घंटा वाजवत राहतो, तो शस्त्रक्रिया बदलते. त्यामुळे 'शॉर्टकट मारला' हा टोमणा शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. भुकेशी रोज हातघाईची लढाई करणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेनं लढता येईल अशी जागा मिळते.

मग "ऑपरेशन झालं, कटकट मिटली" हे तरी खरं का? त्यासाठी स्वीडनला जाऊ. १९८७ पासून तिथे लार्स शेस्त्रॉम यांच्या नेतृत्वाखाली एक दीर्घ अभ्यास चालू झाला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ जण. २००७ मधल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, वय, आजार वगैरे फरक हिशेबात धरूनही, मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे शस्त्रक्रियेनं आयुष्य वाढतं, हे दिसलं. पण वजनाचे आकडे नीट वाचायला हवेत. पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासवाल्यांचं वजन सरासरी ३२ टक्के उतरलं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. मेसन पद्धतीनं जठर आखडलेल्यांची २५ वरून १६ वर आली. पट्टीवाल्यांची २० वरून १४ वर. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं वजन मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं.

या आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत. बरंचसं वजन दहा वर्षांनीही गेलेलंच राहतं. आणि थोडं परत येणं हा या उपचाराचा नेहमीचा भाग आहे, कुणा एकाचा नाकर्तेपणा नव्हे. शरीर हळूहळू नव्या रचनेशी जुळवून घेतं, भूक थोडी परतते. पहिली एक-दोन वर्षं शरीर साथ देतं, त्याच काळात नव्या सवयी मुरवायच्या असतात.

या सवयी म्हणजे नक्की काय? प्रत्येक जेवणात आधी प्रथिनं, दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा डॉक्टर सांगतील तेवढी. लहान घास, भरपूर चावून, वीस-पंचवीस मिनिटं बसून. जेवताना पाणी नाही, ते आधी किंवा नंतर. दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर. सतत उलट्या होत असतील तर बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून अंगावर काढायचं नाही. बायपासनंतर दारू लवकर चढते, तिचं व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. स्त्रियांनी साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची. आणि चालणं, सोबत स्नायूंना काम देणारा व्यायाम, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. यातली एकही गोष्ट सर्जनच्या हातात नाही.

आता हे सगळं आपल्या अंगणात आणू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी जपून ठेवलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे शेजारी शेजारी फोटो छापून आले. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय, ही कल्पना त्या दोन फोटोंनी जगाला समजावली. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी निकष खाली आणले. २५ च्या वर बीएमआय म्हणजे लठ्ठपणा, आणि शस्त्रक्रियेचा विचार ३७.५ च्या वर, किंवा सोबत आजार असतील तर ३२.५ च्या वर.

आपल्याकडे सवयी टिकवणं कठीण का जातं, त्याची कारणंही आपल्याच घरात आहेत. शाकाहारी ताटात पोळी-भात जास्त, प्रथिनं कमी. शस्त्रक्रियेनंतर मोजके घास पोटात जातात, तेव्हा ते आधी वरण, उसळ, पनीर, दही, चालत असेल तर अंडं, यांना द्यावे लागतात. पोळी मागे सरते. आणि आपला आग्रह! लग्नाच्या पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या ताटात जिलेबी पडतेच. घरातल्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल तर अडचण दुप्पट. सगळ्यांना वाढून झाल्यावर, उभ्या उभ्या, उरलेलं संपवत जेवायची सवय जिला लावली गेली आहे, तिनं पंचवीस मिनिटं निवांत बसून आधी प्रथिनं खायची, म्हणजे घरातल्या इतरांनीही बदलायला हवं. हा बदल एकट्या रुग्णावर टाकून चालत नाही.

पैशाचंही तसंच. २०२० पासून विमा नियामकाच्या नियमांनुसार ठरावीक निकषांत बसणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून मिळू शकतो. ही चांगली गोष्ट झाली. पण घरी आल्यावरचे खर्च पॉलिसी सहसा ठरावीक दिवसांपुरतेच देते. आहारतज्ज्ञाची फी, दरवर्षीच्या तपासण्या, गोळ्या हे सगळं खिशातून. शस्त्रक्रियेचं बिल एकदाच येतं, त्यानंतरच्या जगण्याचं बिल दरमहा येत राहतं आणि पहिली काटछाट तिथेच होते.

आता कुणी विचारेल, हल्ली ती इंजेक्शनं आली आहेत ना? आली आहेत. सेमाग्लुटाइडला वजनासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, २०२५ मध्ये ते त्यासाठी आपल्या बाजारातही आलं. बायपासनंतर जी संप्रेरकं वाढतात त्यांच्यापैकी एकाची ही नक्कल आहे. म्हणजे सर्जननी नकळत जे उघड केलं, त्यातलंच काही औषधशास्त्रानं कुपीत भरलं. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, असं २०२२ मधल्या पाहणीत दिसलं. १९६३ च्या त्या दहा रुग्णांची आठवण झाली ना?

जीवनशैलीला कमी लेखण्याचंही कारण नाही. २००२ मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनानं मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी केला. पण तिथे कागद हातात देऊन घरी पाठवलं नव्हतं, प्रत्येकाला सोबत करणारा मार्गदर्शक दिला होता. स्टंकार्ड यांच्या शंभर रुग्णांत आणि या लोकांत मोठा फरक या सोबतीचा आहे.

तेव्हा मंडळी, कुणी शस्त्रक्रियेचा विचार करत असेल तर "किती किलो उतरेल?" हा प्रश्न जरूर विचारा. त्याच्या जोडीला आणखी तीन विचारा. पाचव्या वर्षी मला कोण तपासणार आहे? आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक चमूत आहेत का, की फक्त माहितीपत्रकात आहेत? आणि वजन थोडं परत वाढलं तर मी लाज न वाटता इथे परत येऊ शकेन का? शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो डॉक्टरांइतकाच घरच्यांनाही लागू आहे. वजन परत वाढलेला माणूस टोमण्यांच्या भीतीनं तपासणीला जायचंच टाळतो, आणि तिथून खरं नुकसान सुरू होतं.

इथे आम्ही थांबतो. पुढचा वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवला आहे. कुणाला स्वतःबद्दल चारचौघांत विचारायला संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न पाठवा, उत्तर नक्की देऊ.